झाशीच्या उन्हात नाडी: हृदयाची गती कशी ठरते

हृदयाचा ठोका मेंदूतून येत नाही. तो हृदयातच जन्मतो. उजव्या कर्णिकेच्या वरच्या बाजूला, ऊर्ध्व महाशिरा जिथे आत शिरते तिथे, सुमारे दीड सेंटिमीटर लांबीचा खास पेशींचा पुंजका असतो. हाच सायनस नोड. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या पेशी स्वस्थ बसतच नाहीत. एक ठोका संपून त्यांचा विद्युतदाब उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास उतरला, की सोडियमचे आयन सावकाश आत झिरपू लागतात. दाब चढत जातो, कॅल्शियमची भर पडते आणि उणे ४० च्या सुमारास पुढचा ठोका सुटतो. मग पोटॅशियम बाहेर पडते, दाब उतरतो आणि पुन्हा तीच चढण सुरू होते. चढण जितकी उभी, तितकी नाडी जलद.

मेंदूशी संबंध तुटला तर तरुण माणसाचा सायनस नोड मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. प्रत्यारोपण केलेल्या हृदयात हे स्पष्ट दिसते: मज्जातंतू कापले गेल्यामुळे ते झोपेतही बरेच जलद चालते. निरोगी माणसाची निवांत नाडी मात्र सत्तरच्या आसपास असते, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातून निघणारा व्हेगस मज्जातंतू हृदयाला सतत आवरून धरतो. धावणाऱ्या बैलाची वेसण हातात असावी तसे हे काम आहे: पळायला शिकवावे लागत नाही, ओढायचे की सैल सोडायचे एवढेच ठरवायचे.

व्हेगसच्या टोकाला ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटते. ते पोटॅशियमचे मार्ग उघडते आणि चढण मंदावते. १९२१ मध्ये ओटो लोवी याने बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला, त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला आणि तेही मंदावले. मज्जातंतूचा निरोप रसायनातून पोहोचतो, हे त्यातून सिद्ध झाले. व्हेगसचा परिणाम पुढच्या एक-दोन ठोक्यांत दिसतो. उलट दिशेला अनुकंपी मज्जातंतू नॉरॲड्रिनलिन सोडतात. त्याचा जोर चढायला काही सेकंद लागतात. म्हणून दचकल्यावर छाती धडधडते आणि कारण संपले तरी ती लगेच शांत होत नाही.

किती आवरायचे हे मस्तिष्कपुच्छ रक्तदाबावरून ठरवते. मानेतल्या धमनीच्या दुभाजनापाशी आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. अंथरुणातून उठून उभे राहताच सुमारे अर्धा लिटर रक्त पोटाच्या खालच्या भागात आणि पायांत उतरते. धमनीची भिंत कमी ताणली जाते, मेंदूकडे जाणारे संकेत घटतात, व्हेगसची पकड सुटते आणि नाडी १० ते २० ठोक्यांनी वाढते. ही सारी तडजोड माणूस चप्पल पायात सरकवतो तेवढ्यात उरकते.

झाशीचा उन्हाळा या यंत्रणेची कठोर परीक्षा घेतो. २८ मे २०२४ रोजी इथे ४९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून गरम झाली की उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. त्यासाठी गरम रक्त त्वचेपर्यंत आणावे लागते. एरवी त्वचेला मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त पुरते. तीव्र उष्णतेत ते ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकते. हे जादा रक्त पुरवण्यासाठी नाडी वाढते. शिवाय सायनस नोड स्वतः तापला की त्याची चढणही उभी होते. शरीराचे तापमान एक अंशाने वाढले, की साधारण १० ठोके वाढतात. झाशीच्या बुंदेलखंडातली कोरडी लू, म्हणजे तापलेला वारा, घाम झटपट वाळवते, पण त्याच वेगाने शरीरातले पाणीही नेते. रक्त आटते, दाब घसरू लागतो आणि नाडी आणखी पळते.

पण वेगालाही मर्यादा असते. हृदयाच्या स्नायूला स्वतःचे रक्त बहुतांशी दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळते आणि वेग वाढला की नेमका हा विसावाच आखडतो. हृदय पुरते भरत नाही. ठोके वाढूनही रक्त कमी पोहोचते. श्रम करणाऱ्याची अडचण दुहेरी: स्नायूंनाही रक्त हवे आणि त्वचेलाही. इतिहासात याचा दाखला आहे: १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी घेऊन ब्रिटिश सेनापती सर ह्यू रोजचे सैन्य काल्पीकडे निघाले. ७ मे रोजी कोंचच्या लढाईत त्याचे अनेक सैनिक ऊन लागून मेले. खुद्द रोजलाही उन्हाचा झटका बसला. उन्हाची हळूहळू सवय झाली तर मात्र एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्याच कामाला कमी ठोके पुरतात.

वृद्धांच्या हृदयाची कमाल गती वयाबरोबर घटलेली असते. बीटा ब्लॉकर ही औषधे घेणाऱ्यांत अनुकंपी मज्जातंतूंचा निरोप अडवला जातो, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी कमी करतात. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी उन्हातही फारशी वाढलेली दिसणार नाही. तेवढ्यावरून तो सुरक्षित आहे असे समजू नये. गोळ्या मनाने बंदही करू नयेत. उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. उन्हात माणूस बरळू लागला, अंग भाजत असले, तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नये. उष्माघातात आधी उतरवायचे असते ते शरीराचे तापमान. ते उतरले की नाडीही बहुधा मागोमाग उतरते.