खोबरेल तेल घ्यायचंय? आधी खोबऱ्याचा भाव विचारा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात अडखळलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात आपण शेंगदाणा तेलावर बोललो, आणि त्यानंतर सगळ्यात जास्त विचारणा आली ती खोबरेल तेलाची. नागपूरच्या एका काकूंनी व्हॉइस मेसेज पाठवला होता. त्यांचा प्रश्न असा: "चांगलं खोबरेल परवडेल अशा भावात मिळतं का गं? की चांगलं हवं असेल तर खिसा रिकामा करायचाच?"

काकू, मिळतं. पण त्यासाठी तेलाच्या बाटलीकडे बघण्याआधी खोबऱ्याकडे बघावं लागतं. हे मला कुणी शिकवलं नाही, मी फसले आणि मग शिकले. तो किस्सा आधी सांगते.

बहिणीचं बाळंतपण आमच्याकडे झालं, पुण्यात, डिसेंबरात. बाळाच्या मालिशीला आणि बहिणीच्या डोक्याला भरपूर तेल लागणार, म्हणून मी एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून पाच लिटरचा डबा उचलला. वर लिहिलेलं, 'शुद्ध, घाण्याचं'. भाव बाजारापेक्षा बराच कमी. वास तर इतका छान की झाकण उघडलं की खोली भरायची. मी खूश. दहा-बारा दिवस बाळाला तेच तेल लावलं. मग एका सकाळी, चांगली थंडी पडलेली, आई तेलाची वाटी हातात घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "अगं, पहाटे बारा डिग्री होतं आणि हे तेल पाण्यासारखं हलतंय. थंडीत न गोठणारं खोबरेल मी तरी आयुष्यात पाहिलं नाही."

बाळाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण ते नेमकं काय होतं हे आजही मला माहीत नाही, आणि तेच मनाला लागून राहिलंय. स्टॉल केव्हाच उठून गेला होता, डब्यावर पत्ता नव्हता, बिल मी मागितलं नव्हतं. तक्रार करणार कुणाची?

आता गोठण्याची गोष्ट नीट समजून घेऊ. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंश सेल्सिअसच्या खाली घट्ट व्हायला लागतं. म्हणजे पुण्या-नाशकाकडे हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल बाहेर येत नाही, तो त्रास खरं तर चांगल्या तेलाची खूण आहे. उन्हाळ्यात घेतलंत तर काचेच्या पेल्यात थोडं तेल घेऊन दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नको हं, तिथे बाकीची तेलंही घट्ट होतात. खालच्या कप्प्यात ठेवा. सगळं तेल पांढरं, एकसारखं गोठलं तर ठीक. वर पातळ थर तरंगत राहिला तर त्यात दुसरं पातळ तेल किंवा पॅराफिन आहे असं समजायला हरकत नाही.

पण, आणि हा 'पण' महत्त्वाचा आहे, ही चाचणी अर्धीच आहे. पामच्या बीपासून निघणारं तेल, म्हणजे पाम कर्नेल, हे खोबरेलाचं जवळचं भावंड. तेही फ्रिजमध्ये छान गोठतं. ते मिसळलं असेल तर तुमचा पेला काही बोलणार नाही. ते पकडायला प्रयोगशाळाच लागते. तिथे आयोडीन व्हॅल्यू बघतात, खोबरेलाची साधारण साडेसात ते दहा असते आणि पाम कर्नेलची त्याहून बरीच जास्त. घरी आपण हे करू शकत नाही. मग घरी काय करू शकतो? हिशेब.

हिशेब असा. चांगल्या सुक्या खोबऱ्यात वजनाच्या साठ-पासष्ट टक्के तेल असतं. मोठ्या गिरणीत त्यातलं बहुतेक निघतं, लहान घाण्यावर थोडं पेंडीतच राहतं. म्हणजे एक किलो तेलाला कमीत कमी एक किलो सहाशे ग्रॅम खोबरं लागतं, घाण्यावर पावणेदोन किलोपर्यंतसुद्धा. यात जादू चालत नाही. खोबरं किलोला २०० रुपये असेल तर एक किलो तेलात नुसतं खोबरंच ३२० रुपयांचं गेलं. त्यावर मजुरी, वीज, डबा, वाहतूक, दुकानदाराचा नफा. पेंड गुरांच्या खाद्याला विकून थोडे पैसे परत येतात, पण थोडेच.

आता कुणी म्हणेल, गिरणीवाल्याला खोबरं ठोक भावात मिळतं, आपल्या वाण्याच्या भावात नाही. बरोबर. शिवाय तेलाचं खोबरं आणि खायचं गोटा खोबरं यांच्या प्रती वेगळ्या, भावही वेगळे. म्हणून मी एक ढोबळ नियम केलाय, ज्यात हा सगळा फरक धरून झालाय: एक लिटर खोबरेल तेल जर वाण्याकडच्या एक किलो खोबऱ्यापेक्षा स्वस्त मिळत असेल, तर थांबायचं. माझा तो पाच लिटरचा डबा, नंतर हिशेब केला तेव्हा, त्या आठवड्यातल्या खोबऱ्यापेक्षा स्वस्त निघाला. म्हणजे विकणाऱ्याने मला खोबऱ्याच्या भावाखाली तेल दिलं होतं! एवढं दानशूर कुणी नसतं. कधी दुकानात जुना माल शिल्लक असतो आणि भाव मध्येच चढतो, तेव्हा अपवाद होऊ शकतो. पण अपवाद ओळखीच्या दुकानात असतो, रस्त्यावरच्या स्टॉलवर नाही.

आणि भाव चढतात हो. २०२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने तेलाच्या खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला ११,५८२ रुपये ठरवला होता, आणि त्या वर्षी बाजारभाव त्याच्या कितीतरी वर गेला. आपण मात्र तेलवाल्याला दोष देत बसलो. भाव असे भडकले की भेसळीचा मोहही वाढतो, म्हणून महागाईच्याच दिवसांत 'स्वस्त आणि शुद्ध' अशा पाट्यांकडे जास्त संशयाने बघायचं.

अजून एक जागा आहे जिथे आपण रोज गंडतो, आणि तिथे भेसळ वगैरे काही नाही. किलो आणि लिटर. एक लिटर खोबरेल तेलाचं वजन भरतं साधारण ९१५ ग्रॅम. घाणेवाला किलोवर विकतो, दुकानातली बाटली बहुतेक वेळा मिलीवर. घाण्यावर ३६० रुपये किलो ऐकलं की महाग वाटतं आणि दुकानात ३४० रुपये लिटर स्वस्त वाटतं. पण ३६० रुपये किलो म्हणजे झाले जेमतेम ३३० रुपये लिटर. घाणाच स्वस्त पडला की! (हे आकडे सोयीसाठी घेतलेत, तुमच्या गावचे टाकून बघा.) बाटल्यांची आपसात तुलना करायची तर छापील किमतीजवळ प्रति मिली किंवा प्रति ग्रॅम भाव बारीक अक्षरात दिलेला असतो, तो वाचा. दहा-वीस रुपयांच्या छोट्या बाटल्या त्या हिशेबात बहुतेक वेळा सगळ्यात महाग निघतात.

बाटली हातात घेतलीच आहे तर मागची बाजूही बघा. हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असेल तर ते खाद्यतेल आहे, त्यात दुसरं काही मिसळायला परवानगी नाही. 'हेअर ऑईल' लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यात मिनरल ऑईल, म्हणजे पातळ पॅराफिन, आणि सुगंध घालता येतो, आणि ते घटकांच्या यादीत लिहिलेलंही असतं. ती फसवणूक नाही, आपणच वाचत नाही. मजा म्हणजे, छोट्या बाटलीतलं साधं खोबरेल हे खायचं तेल की केसांचं, या प्रश्नावर करापायी कित्येक वर्षं कोर्टात भांडण चाललं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं छोट्या बाटलीत भरलं म्हणून ते केसांचं तेल होत नाही. आपल्या कामाचं एवढंच की निळ्या बाटलीतलं ते ओळखीचं तेल खाद्यतेल म्हणूनच विकलं जातं, आणि बाळाला लावायला किंवा फोडणीला चालतं. घाण्याचं मिळालं नाही तर मी बिनदिक्कत तेच घेते. उगाच नाकं मुरडू नयेत.

व्हर्जिन तेलाबद्दल थोडक्यात. ते सुक्या खोबऱ्याचं नसतं, ओल्या नारळाचं असतं, म्हणून महाग. कोकणात नारळाचं दूध आटवून 'आवेल' काढतात, ते त्याच घरातलं. कुणी गावाहून आणून दिलं तर भाग्य समजा. पण महिनाभर डोक्याला चोपडायला बाजारातलं महाग व्हर्जिन विकत घ्यायची गरज मला तरी वाटत नाही. तळणाला तर मुळीच नाही.

आता घाणा. आम्ही हल्ली असं करतो: खोबरं आपण निवडून घ्यायचं आणि समोर बसून तेल काढून घ्यायचं. पाच किलोला पावणेतीन ते तीन किलो तेल येतं. पेंड आपली असते, मागून घ्या किंवा तिचे पैसे मजुरीतून वळते करा. पण घाणा म्हटलं की सगळं आपोआप चांगलं, असं नाही. घाण्यात जे टाकाल तेच बाहेर येणार. मी निवडताना वाटी मोडून बघते. वाळलेलं खोबरं कडकन मोडतं. वाकलं, चिवट लागलं तर ओल आहे, तेल महिन्याभरात खवट होणार. आत काळी-हिरवी बुरशी दिसली तर ती वाटी बाजूला, घासून वापरायची नाही. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, अशा तेलात उतरू शकतं आणि ते फडक्याने गाळून जात नाही. रिफाइंड तेलात ते शुद्धीकरणात निघतं, घाण्याच्या तेलात निघायला वाटच नाही. फार पांढरंशुभ्र आणि काडेपेटीसारखा वास येणारं खोबरंही नको, ते गंधकाची धुरी दिलेलं असतं. आमचे घाणेवाले काका तर म्हणतात, "ताई, पावसाळ्यात माझ्याकडे येऊच नका." खरंच आहे. हवेतली ओल खोबरं पितं, आणि वर नारळी पौर्णिमा, गणपती, म्हणजे नारळाला मागणीही तेव्हाच. मार्च ते मे, उन्हं कडक असताना काढून घ्यावं.

तेल घरी आणलं की लगेच भरून ठेवायचं नाही. स्टीलच्या पातेल्यात तीन-चार दिवस झाकून ठेवा, गाळ खाली बसतो. वरचं निथळ तेल कोरड्या फडक्यातून गाळा आणि पूर्ण कोरड्या बरणीत भरा. ओला चमचा गेला की संपलं.

तर नागपूरच्या काकू, तुम्ही दोघंच घरात, फोडणीला सोयाबीन वापरता, खोबरेल फक्त केसांना आणि अंगाला, असं तुम्ही सांगितलंत. मग पाच किलोच्या भानगडीत पडू नका. दोन-तीन शेजारणी मिळून पाच किलो खोबरं घाण्यावर न्या, वाटून घ्या, प्रत्येकीच्या वाट्याला जवळपास एक लिटर येईल. आणि जाण्याआधी वाण्याला खोबऱ्याचा आजचा भाव विचारून जा.