संकेतस्थळाचें नांव कोणाच्या नांवें?

आमच्या सूनबाईंच्या मेतकूट-भाजणीच्या व्यवसायास नवें संकेतस्थळ काढावयाचें ठरतांच घरांत रंगांविषयीं वाद माजला. आम्हीं आधीं नांवाची गोष्ट काढली. हें नांव कायमचें विकत मिळत नाहीं. मुदतीनें घ्यावें लागतें, आणि ज्याच्या नांवें नोंद त्याचाच त्यावर ताबा. मागील खेपेस कारागिरानें तें स्वतःच्या नांवें नोंदविलें. पुढें तो दिसेनासा झाला, मुदत टळली, आणि जोडलेलीं गिऱ्हाइकें जुन्या पत्त्यावरून परत गेलीं. यंदा नोंद सूनबाईंच्याच नांवें! देवनागरी नांवास '.भारत' हा प्रत्यय २०१४ पासून मिळतो. आम्हांस तो फार रुचला. परदेशस्थ नातवंडांस मात्र टंकणें अवघड. नंतर भाव, वजन, टिकण्याची मुदत, अन्नपरवान्याचा क्रमांक, एवढें सूनबाईंनीं कागदावर उतरविलें. रंगांचा वाद अद्याप चालूच आहे.