संचलन एकदाच पुढून जाते: नवा कॉम्पॅक्ट कॅमेरा कसा पारखावा?

आपल्याला शिकवल्या जाणाऱ्या युद्धतत्त्वांत पहिले तत्त्व उद्दिष्टाचे आहे: उद्दिष्ट निवडा आणि त्यावर ठाम राहा. महागडा कॅमेरा घेतानाही हेच तत्त्व लागू पडते. दरवर्षी संचलनाच्या सुमारास अनेक कॅडेट आणि पालक विचारतात, "कोणता कॅमेरा घ्यावा?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी सांगा, काय टिपायचे आहे, किती अंतरावरून आणि किती उजेडात? उत्तर त्यानंतर सापडते.

'प्रीमियम कॉम्पॅक्ट' म्हणजे खिशात किंवा छोट्या पिशवीत मावणारा, लेन्स न बदलता येणारा, पण मोबाइलपेक्षा मोठा सेन्सर असलेला कॅमेरा. किंमत लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाते. म्हणून जाहिरात बाजूला ठेवून आकडेमोड करायला हवी. उदाहरणासाठी दोन कॅमेरे घेऊ. एक, २०१९ मधील सोनी 'आरएक्स १०० मार्क सेव्हन'. त्याचे वजन सुमारे ३०० ग्रॅम, २० मेगापिक्सेल आणि २४ ते २०० मिमी झूम. दुसरा, २०२४ मध्ये आलेला फुजीफिल्म 'एक्स १०० सिक्स'. त्याचे वजन सुमारे ५२० ग्रॅम, ४० मेगापिक्सेल आणि ३५ मिमीची एकच स्थिर लेन्स, म्हणजे झूम नाही. (लेन्सचे हे आकडे पूर्ण आकाराच्या, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरच्या हिशेबाने दिलेले असतात.)

अंतराचा हिशेब

सूत्र सोपे आहे. अंतराला ३६ ने गुणा आणि लेन्सच्या आकड्याने भागा, म्हणजे चौकटीत मावणारी रुंदी मिळते. पालकांचा शामियाना तुकडीच्या मार्गापासून ३० मीटरवर आहे असे समजू. ३५ मिमीच्या लेन्समध्ये जवळजवळ ३१ मीटर रुंदीचे दृश्य मावेल. २०० मिमीला फक्त ५.४ मीटर.

आता मेगापिक्सेलकडे पाहू. फुजीचे चित्र ७७२८ पिक्सेल रुंद आहे. ते ३१ मीटरवर पसरले की दर मीटरला सुमारे २५० पिक्सेल मिळतात. सोनीचे चित्र ५४७२ पिक्सेल रुंद आहे, पण ते ५.४ मीटरवर पसरते, म्हणून दर मीटरला सुमारे १००० पिक्सेल. चेहऱ्याची रुंदी १५ सेंटिमीटर धरली तर फुजीमध्ये चेहरा ३७-३८ पिक्सेलचा आणि सोनीमध्ये १५० पिक्सेलचा येतो. निम्म्या मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चेहरा चौपट रुंद! शामियान्यातून आपल्या मुलाचा किंवा मुलीचा 'दाहिने देख'चा क्षण हवा असेल, तर ४० मेगापिक्सेलचा आकडा इथे कामाला येत नाही.

वेळही मोजा. तेज चालीत मिनिटाला १२० पावले, दर पाऊल सुमारे ७५ सेंटिमीटर; म्हणजे सेकंदाला दीड मीटर. २०० मिमीच्या चौकटीतून एक कॅडेट साडेतीन सेकंदांत निघून जातो. तेवढ्यात फोकस लागलाच पाहिजे. सोनी फोकस बदलत सेकंदाला २० फोटो काढतो, त्याचा खरा उपयोग अशा वेळी आहे.

उजेडाचा हिशेब

आता हाच सोनी संध्याकाळच्या सभागृहात न्या. त्याच्या 'एक इंची' सेन्सरचे नाव फसवे आहे. हे नाव जुन्या कॅमेरा-नळ्यांच्या मापावरून चालत आले. प्रत्यक्षात तो १३.२ × ८.८ मिमी असतो. फुजीचा एपीएस-सी सेन्सर २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे क्षेत्रफळाने तिप्पट. शिवाय फुजीची लेन्स एफ २ पर्यंत उघडते आणि सोनीची लेन्स २०० मिमीला एफ ४.५ पर्यंतच. या फरकामुळे सेन्सरवरचा उजेड पाचपट बदलतो.

म्हणजे एकाच आयएसओवर फुजीला १/१२५ सेकंद पुरत असेल, तर सोनीला सुमारे १/२५ सेकंद लागेल. दीड मीटर वेगाने चालणारा माणूस १/२५ सेकंदात ६ सेंटिमीटर सरकतो आणि १/१२५ सेकंदात १.२ सेंटिमीटर. पहिल्या फोटोत चेहरा पुसला जाईल. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर सांभाळते, समोरच्याची हालचाल नाही, ही गोष्ट दुकानात क्वचितच कोणी सांगतो. उन्हातल्या संचलनासाठी १/५०० सेकंद ठेवा. तेवढ्या वेळात शरीर फक्त ३ मिमी सरकते.

व्हिडिओसाठी चार तपासण्या

पहिली, दिव्यांची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. व्हिडिओसाठी २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर चित्रावर पट्टे धावतात.

दुसरी, आवाजाची. बँडची धून आणि परेड कमांडरचा आदेश नीट यायला हवा असेल, तर बाहेरचा माइक लागतो. सोनीला नेहमीचा ३.५ मिमी जॅक आहे. फुजीला २.५ मिमी, म्हणजे बहुतेक माइकसाठी अडॅप्टर लागेल. मैदानावर वारा असतो, म्हणून माइकला फोमचे किंवा केसाळ आवरण हवेच.

तिसरी, साठवणीची. फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिट वेगाने नोंदवला तर तासाला ४५ जीबी जागा लागते. ६४ जीबीचे कार्ड दीड तासही पुरणार नाही.

चौथी, उष्णता आणि बॅटरीची. छोट्या खोक्यात उष्णता लवकर साठते. विकत घेण्यापूर्वी उन्हात सलग वीस मिनिटे चित्रण करून पाहा. जादा बॅटरीचा खर्च किमतीतच धरा.

हातात घेऊन पाहा

मित्राला तेज चालीत आपल्याकडे यायला सांगा आणि सलग तीस फोटो काढा. ते मोठे करून किती चेहरे स्पष्ट आले ते मोजा. भर उन्हात मागचा पडदा दिसतो का पाहा. सोनी आणि फुजी दोघांनाही डोळा लावून पाहायचे व्ह्यूफाइंडर आहे, सर्व कॉम्पॅक्टना नसते. धुळीचाही विचार करा. बाहेर येणारी-आत जाणारी झूम लेन्स धूळ आत ओढू शकते, आणि ती साफ करायला कॅमेरा उघडावा लागतो. सोनी धूळ-पाण्यापासून संरक्षित नाही. फुजीला ते संरक्षण वेगळी रिंग आणि फिल्टर बसवल्यावरच मिळते.

परवानगी आणि शिस्त

लष्करी शाळेच्या आवारात कॅमेरा आणण्यापूर्वी परवानगी घ्या आणि जिथे मनाई आहे तिथे तो पिशवीतच ठेवा. शस्त्रागार, प्रवेशद्वारावरील पहारा, वाहनांचे क्रमांक चौकटीत येऊ देऊ नका. हे कॅमेरे मोबाइलला जोडले की फोटोत ठिकाणाची नोंद होऊ शकते. ती सोय बंद करा. इतर कॅडेटचे फोटो त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नका.

तर मग कोणता घ्यावा? शामियान्यातून संचलन टिपायचे असेल तर झूमवाला. सभागृह, वसतिगृह, मित्रांचे जवळून फोटो आणि सुटीतला प्रवास यांसाठी मोठ्या सेन्सरचा. दोन्ही कामे तितकीच महत्त्वाची असतील तर एकाच छोट्या कॅमेऱ्याकडून ती अपेक्षा करू नका. वर्षातून एकाच दिवसासाठी हवा असेल तर भाड्याने घ्या, आणि तोही आदल्या दिवशी सरावाला नेऊन तपासा. तुकडी सलामी मंचापुढून गेली की ती पुन्हा तुमच्या कॅमेऱ्यासाठी मागे फिरणार नाही.