धावण्यातला अडथळा : बीड जिल्ह्याच्या अनुषंगाने

धावणे हा सर्वांत कमी साधनांत होणारा व्यायाम असला, तरी सपाट रस्त्यावर एकाच लयीत पाऊल टाकत राहण्याचा कंटाळा हेच नवशिक्यांच्या गळतीचे एक मोठे कारण असते. हा कंटाळा घालवण्याचे दोन मार्ग शर्यतींच्या आयोजकांनी शोधले आहेत. पहिला सजावटीचा : धावण्याला एखादी कल्पना, वेशभूषा, रंग किंवा सामाजिक संदेश जोडायचा. दुसरा अडथळ्याचा : वाटेतच असे काही उभे करायचे की ते ओलांडल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तेव्हापासून तिच्यातील ‘ड्रीम रन’ या छोट्या टप्प्यात चित्रविचित्र पोशाख करून, फलक हाती घेऊन धावणारे हजारो लोक पहिल्या मार्गाचेच प्रवासी आहेत. २०१२ साली अमेरिकेत सुरू झालेली, धावणाऱ्यांवर रंगाची पूड उधळणारी ‘कलर रन’ आणि त्याच वर्षी मुंबईत केवळ स्त्रियांसाठी सुरू झालेली ‘पिंकेथॉन’ यांचाही समावेश त्यातच करावा लागेल. दुसऱ्या मार्गाने इंग्लंडमध्ये १९८७ साली ‘टफ गाय’ ही चिखल, गार पाणी आणि काटेरी तारांमधून जाणारी शर्यत आली, २०१० साली अमेरिकेत ‘टफ मडर’ आणि ‘स्पार्टन’ या शर्यती सुरू झाल्या, आणि आपल्याकडे ‘डेव्हिल्स सर्किट’सारख्या मालिका मुंबई-पुण्याकडे भरू लागल्या.

हे दोन मार्ग वरवर सारखे दिसत असले, तरी धावणाऱ्याच्या मनावर त्यांचा होणारा परिणाम परस्परविरोधी असतो. विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक या अमेरिकी अभ्यासकांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मॅरेथॉनपटू धावताना कशाचा विचार करतात, हे तपासले होते. सामान्य धावपटू थकवा विसरण्यासाठी मन दुसरीकडे गुंतवतात, तर अव्वल धावपटू आपला श्वास, स्नायू आणि गती यांवरच लक्ष ठेवून असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. या दृष्टीने पाहिल्यास रंग, संगीत आणि वेशभूषा ही मन दुसरीकडे गुंतवण्याची साधने ठरतात आणि त्यांची नवलाई दोन-तीन शर्यतींत ओसरते. अडथळा मात्र मनाला भटकूच देत नाही; कोणत्या पावलावर उडी घ्यायची, याचा हिशेब तो दर वेळी नव्याने करायला लावतो. धावण्यातली गंमत टिकवायची असेल तर दुसरा मार्ग अधिक भरवशाचा आहे, आणि त्याचा भारतातील सर्वांत ठळक पुरावा बीड जिल्ह्यात सापडतो.

आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी १९९४ साली जन्मलेले अविनाश साबळे हे ३००० मीटर स्टीपलचेस या प्रकारातले राष्ट्रीय विक्रमवीर आहेत. स्टीपलचेस ही ट्रॅकवर होणारी अडथळ्यांची लांब पल्ल्याची शर्यत. तिचा उगम आयर्लंडमधील घोडेस्वारांच्या पैजेत सांगितला जातो : १७५२ साली बटव्हंट येथील चर्चपासून डोनरेल येथील चर्चच्या मनोऱ्यापर्यंत, मधल्या भिंती, कुंपणे आणि ओढे ओलांडत, सरळ रेषेत घोडे पिटाळण्यात आले. पुढे १९ व्या शतकाच्या मध्यास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी हीच कल्पना पायी धावण्यात आणली आणि १९०० साली ती ऑलिंपिकमध्ये पोहोचली. म्हणजे आज ज्याला ‘ऑब्स्टॅकल रेस’ म्हणून नवा छंद मानले जाते, त्याचे शिस्तबद्ध रूप शतकाहून जुने आहे. (त्या शिस्तीतही गफलती झाल्या आहेतच : १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फेऱ्या मोजणाऱ्याच्या चुकीमुळे अंतिम शर्यतीतील सगळेच स्पर्धक एक फेरी जास्त धावले.)

आजच्या नियमांनुसार धावपटूला २८ वेळा लाकडी अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, तर स्त्रियांसाठी ७६.२ सेंटिमीटर असते. १०० किंवा ११० मीटरच्या शर्यतीतला हर्डल धक्का लागताच पडतो. स्टीपलचेसचा अडथळा जड आणि पक्का असल्याने पडतो तो धावपटू. पाण्याचा खड्डा अडथळ्यालगत सर्वांत खोल असून पुढे चढत जाऊन ट्रॅकच्या पातळीला मिळतो, त्यामुळे वरच्या फळीवर पाय देऊन जो जितका लांब झेपावेल, तितका तो उथळ पाण्यात उतरतो आणि तितकी त्याची गती कमी मोडते. या साऱ्याची किंमत किती, हे विश्वविक्रमांच्या तुलनेतून कळते : सपाट ३००० मीटरचा पुरुषांचा विक्रम ७ मिनिटे १७.५५ सेकंदांचा आहे, तर स्टीपलचेसचा ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा.

साबळे यांच्याविषयी लिहिताना वर्तमानपत्रे त्यांच्या लहानपणच्या सुमारे सहा किलोमीटरच्या शाळेच्या वाटेचा उल्लेख हमखास करतात. तो खराच आहे, पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. आष्टी-पाटोद्याच्या वाड्यावस्त्यांवरून शाळेसाठी तेवढी पायपीट करणारी मुले पुष्कळ होती. निर्णायक ठरला तो बारावीनंतर महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमधील प्रवेश. सियाचीन, राजस्थान आणि सिक्कीम येथील नेमणुकांनंतर ते सैन्यातील क्रॉस-कंट्री, म्हणजे रानावनातून धावण्याच्या शर्यतींत उतरले आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेसकडे वळले. २०१८ साली भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१९ च्या दोहा येथील जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत इतरांच्या पडझडीत अडखळूनही त्यांनी नवा विक्रम केला आणि भारताची हरकत मान्य झाल्यावर अंतिम फेरी गाठली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांचे सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. परंतु १९९८ पासून या प्रकारातील पुरुषांची तिन्ही पदके केनियाकडेच जात होती, ती परंपरा त्यांच्या रौप्यपदकाने खंडित झाली. २०२३ साली हांगझोऊ येथे आशियाई सुवर्ण आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा विक्रम, असा हा चढता आलेख आहे. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या खड्ड्यापाशी पडून त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, हेही नोंदवायला हवे. अडथळ्याच्या शर्यतीत गमतीबरोबर धोकाही येतो, आणि तंत्र न शिकवता मुलांना त्यात उतरवणे योग्य नव्हे.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता बाबर यांचे उदाहरणही याच जातीचे आहे. मॅरेथॉनमध्ये नाव कमावल्यावर त्या स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहाव्या आल्या; १९८४ मधील पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवरील वैयक्तिक प्रकारात अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. माण आणि आष्टी हे दोन्ही तालुके अवर्षणप्रवण असावेत, हा योगायोग असला तरी लक्षात राहणारा आहे.

बीडमध्ये आज पहाटेच्या रस्त्यांवर धावणारी मुले-मुली पुष्कळ दिसतात. मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांचे धावणे ‘भरती’साठी असते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते, त्याला गुण असतात, म्हणून सराव तेवढ्याच अंतराचा आणि तोही डांबरी सडकेवर होतो. भरती झाली की धावणे संपते. झाली नाही आणि वय उलटले, तरीही संपते. सैन्यभरतीत धावण्याबरोबर नऊ फुटांचा खंदक ओलांडावा लागतो आणि नागमोडी फळीवरून तोल सांभाळत चालावे लागते, पण या गोष्टी खेळ म्हणून कोणी शिकवत नाही. प्राथमिक शाळेच्या मैदानावर लिंबू-चमचा, पोत्याची शर्यत, तीन पायांची शर्यत आणि अडथळ्यांची शर्यत यांची जी धमाल चालते, ती माध्यमिक शाळेत पोहोचेपर्यंत ‘लहान मुलांचे खेळ’ म्हणून निकालात निघालेली असते. वास्तविक, ऑलिंपिकमधील मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत पॅरिस ऑलिंपिकनंतर घोडेस्वारीच्या जागी अडथळ्यांची शर्यत आणण्याचा निर्णय झाला असून, २०२८ साली लॉस एंजेलिस येथे ती प्रथम दिसेल.

शहरी आयोजक भाड्याच्या मैदानात मुद्दाम चिखल कालवतात, भिंती बांधतात आणि त्यासाठी प्रवेशशुल्क आकारतात. बालाघाटच्या डोंगररांगांत बांध, चर, ओढे, नांगरलेल्या रानातली ढेकळे आणि पाझर तलावांचे काठ हे सारे आयतेच आहे. गावाच्या गायरानात दोन-तीन किलोमीटरची वाट आखणे, तिच्यातील धोक्याच्या जागा वगळणे, वयोगटानुसार अडथळ्यांची उंची ठरवणे आणि उतरण्याच्या जागी माती भुसभुशीत करून ठेवणे एवढी तयारी अशा शर्यतीला पुरते. सजावटीचाही इथे उपयोग होऊ शकतो, कारण पहिल्यांदा गर्दी जमवते ती सजावटच. फक्त तिच्यावर विसंबून राहू नये.

अडचण खरी आहे ती वेळापत्रकाची. शाळांचे क्रीडा महोत्सव बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात, आणि त्याच वेळी जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतात. आई-वडिलांच्या ‘कोयत्या’बरोबर गेलेली मुले मैदानावर नसतातच. बैलगाडीच्या साठ्यांवर चढणारी-उतरणारी ही काटक मुले वगळून बीडमध्ये भरवलेली कोणतीही शर्यत अपुरीच राहणार. म्हणून आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर आणि वडवणी तालुक्यांतील शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी अशी शर्यत जरूर भरवावी, पण ती बिऱ्हाडे बाहेर पडण्याआधी, दसऱ्याच्या आत घ्यावी.