तंबू, टपाल आणि भुसावळचे तिकीट

कॅडेट मित्रांनो, सुट्टीवर निघण्याआधी तुमच्या हातात प्रवासाची चिठ्ठी पडते. ती कशी तयार होते, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. प्रत्येक हाऊसमास्टर संगणकावरच्या एका पानावर आपल्या कॅडेटांची नावे आणि प्रवासाचे टप्पे भरतात. त्यावरून आरक्षणाची यादी निघते. काही वर्षांपूर्वी हे पान मीच लिहिले होते आणि त्यात एक चूकही करून ठेवली होती. ही चूक समजून घेतली तर सर्व्हरवर चालणाऱ्या पानांचे अर्धे मर्म कळते, म्हणून ती इथे सांगतो.

हिवाळी सुट्टीला दोन दिवस उरले होते. संध्याकाळच्या हजेरीला चिठ्ठ्या वाटल्या. सगळे पांगले, पण सातवीतला एक मुलगा तिथेच सावधानमध्ये उभा. आपली शाळा महाराष्ट्रापासून दूर उत्तरेत, हा नांदेडकडचा.

"काय रे, काय झालं?"

"सर, माझं तिकीट भुसावळपर्यंतच आहे."

"मग?"

"सर, भुसावळला माझं कोणीच नाही."

त्याला मनमाडपर्यंत यायचे होते आणि तिथून गाडी बदलून नांदेडला जायचे होते. चिठ्ठीवर मनमाडही नव्हते आणि दुसरा टप्पाही नव्हता. यादी पाहिली तर त्याच्या वरच्या मुलाला, जो खरोखर भुसावळचा होता, भोपाळचे तिकीट मिळालेले. तो काही बोललाच नव्हता. छापील कागद आहे म्हणजे सरांनी काही ठरवले असेल, असे त्याला वाटले.

आता हे कसे घडले, ते पाहू.

पान बनवले होते मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये. ही पद्धत २००२ साली आली. मी वापरली ती २००५ ची २.० आवृत्ती. तिच्यात पानावरच्या प्रत्येक वस्तूला, म्हणजे बटण, मजकुराची चौकट, यादी यांना, कंट्रोल म्हणतात. काही कंट्रोल आधीच पानावर मांडलेले असतात. काही मात्र कार्यक्रम चालू असताना गरजेप्रमाणे तयार करावे लागतात. हाऊसमध्ये किती मुले जाणार आणि कोणाचे किती टप्पे, हे आधी माहीत नसते. म्हणून मी प्रत्येक कॅडेटसाठी एक ओळ तयार करत होतो, आणि त्या ओळीच्या पोटात प्रत्येक टप्प्यासाठी चौकटी. एकात एक बसवलेले कंट्रोल ते हेच.

एनसीसीचे शिबिर डोळ्यांसमोर आणा. तंबूंच्या रांगा, रांगेत तंबू, तंबूत खाटा. पण हे शिबिर विचित्र आहे. ब्राउझरकडून मागणी आली की सर्व्हर सगळे तंबू ठोकतो, उत्तर पाठवतो आणि लगेच सगळे तंबू मोडून टाकतो. तुम्ही पान वाचत बसलेले असता तेव्हा तिकडे मैदान मोकळे असते. तुम्ही 'जतन करा' दाबले की पुन्हा पहिल्यापासून ठोकाठोकी. पानावर कायम मांडलेले कंट्रोल सर्व्हर आपणहून उभे करतो. तुम्ही कार्यक्रमातून तयार केलेले मात्र त्याला आठवत नाहीत. ते दर वेळी तुम्हीच उभे करायचे.

तंबू उभे राहिले की टपाल वाटायला सुरुवात होते. तुम्ही चौकटीत जे लिहिले ते पत्त्यासकट येते, आणि पत्ता असतो पूर्ण घरंदाज: कोणत्या ओळीतला, कोणत्या टप्प्याचा, कोणती चौकट. पत्त्याचे हे भाग डॉलरच्या चिन्हाने जोडलेले असतात. पत्त्यावर तंबू सापडला तर पत्र पोचते. नसला तर पत्र गुपचूप बाजूला पडते. त्रुटीचा संदेश येत नाही, लाल अक्षर दिसत नाही. माझ्या मते या पद्धतीची सर्वांत वाईट खोड हीच.

माझी पहिली चूक नवशिक्याची होती आणि ती लवकर सापडली. 'टप्पा वाढवा' बटण दाबल्यावर मी त्या बटणाच्या घटनेतच नवी चौकट तयार करत होतो. चौकट दिसायची, पुढचे बटण दाबले की नाहीशी व्हायची. कारण टपाल दोनदा वाटले जाते, एकदा लोड या पायरीच्या आधी आणि एकदा नंतर. बटणाची घटना येते त्याच्याही नंतर. पुढच्या फेरीत ती चौकट पुन्हा कोणी उभी केलीच नव्हती. उपाय सोपा: टप्प्यांची संख्या व्ह्यूस्टेटमध्ये ठेवायची आणि लोडच्या वेळी तेवढ्या चौकटी उभ्या करायच्या. व्ह्यूस्टेट म्हणजे पानाबरोबर लपवून पाठवलेली शिदोरी. ती ब्राउझरपर्यंत जाते आणि पुढच्या मागणीबरोबर परत येते. मात्र इनिट या पायरीवर ती अजून उघडलेली नसते, हे विसरू नका. प्रत्येक ओळ आपल्या टप्प्यांची संख्या आपल्याच शिदोरीत ठेवू लागली आणि मला वाटले, झाले काम.

दुसरी चूक तीच, जिने त्या मुलाला भुसावळला नेऊन सोडले असते. हाऊसमास्टरांनी सकाळी पान उघडले तेव्हा यादीत १२ नावे होती. त्यांनी सगळे टप्पे भरले, पण जतन करायच्या आधी ते तासाला गेले. तेवढ्यात कार्यालयात एका पालकांचा फोन आला की मुलाला न्यायला आम्ही गाडी घेऊन येतो. कार्यालयाने आठवे नाव यादीतून काढले. दुपारी हाऊसमास्टरांनी 'जतन करा' दाबले. माझा कार्यक्रम ओळी उभ्या करायला दर वेळी ताज्या यादीकडे जात होता. आता तिथे ११ नावे. ओळींना मी स्वतः नावे दिली नव्हती. सर्व्हरने आपोआप क्रमाने दिली होती. म्हणजे आठव्या तंबूत आता नववा कॅडेट राहायला आला, पण पत्त्यावर अजून 'आठवा तंबू' एवढेच. पत्रे बरोबर तंबूत पडली आणि चुकीच्या मुलाच्या हाती गेली. आठवा, नववा आणि दहावा हे तिघेही भोपाळचे होते, म्हणून तिथे काही कळले नाही. अकराव्याला भोपाळ मिळाले, बाराव्याला भुसावळ. बाराव्याचे स्वतःचे टपाल बाराव्या तंबूच्या पत्त्यावर आले आणि बारावा तंबू मैदानात नव्हताच. यादीत ११ नावे, ११ प्रवास. बेरीज जुळत होती, म्हणून मीही सही केली.

त्या रात्री मी प्रत्येक ओळीला कॅडेटच्या रोल नंबरवरून नाव दिले आणि तोच प्रसंग पुन्हा घडवून पाहिला. मुलाच्या चौकटीत आता मनमाड बरोबर आले. दुसरा टप्पा मात्र अजूनही गायब! इथे मी बराच वेळ डोके धरून बसलो. मग ध्यानात आले की टपाल नावाने वाटले जाते, पण पोटातल्या कंट्रोलांची शिदोरी परत करताना सर्व्हर मुळात क्रम पाहतो: पहिल्याला पहिली, दुसऱ्याला दुसरी. त्या मुलाच्या ओळीला वरच्या मुलाची शिदोरी मिळाली होती आणि तिच्यात टप्प्यांची संख्या होती १. दुसऱ्या टप्प्याची चौकट उभीच राहिली नाही, मग तिचे पत्र पोचणार कुठे? क्रमाऐवजी नावाने शिदोरी वाटण्याची एक खूण डब्याला लावता येते. पण मला मुळावरच घाव घालायचा होता.

म्हणून आता पान उघडताना जे रोल नंबर दाखवले, त्यांची यादी मी पानाच्याच शिदोरीत ठेवतो. परत आल्यावर ओळी त्या जुन्या यादीवरून, त्याच क्रमाने, त्याच नावांनी उभ्या करतो, काढून टाकलेल्या मुलाचीसुद्धा. टपाल वाटून झाले की मग ताजी यादी पाहतो. फरक दिसला तर हाऊसमास्टरांना सांगतो की अमुक कॅडेटचे नाव आता यादीत नाही, आणि मगच त्याची ओळ काढतो. टप्प्यांनाही हाच नियम. मधला टप्पा काढला तर त्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नाही. १, ३, ४ असे दिसले तरी चालते.

एकात एक कंट्रोल असले की शोधतानाही पायरीपायरीने जावे लागते. फाइंडकंट्रोल ही सोय नावांच्या आपल्या कुंपणापुरतेच पाहते. पानाला विचारले की 'स्थानक' कुठे आहे, तर ते नाही म्हणेल, कारण प्रत्येक ओळीत एकेक 'स्थानक' आहे. आधी ओळ गाठायची, तिला टप्पा विचारायचा, टप्प्याला स्थानक. आणि चौकटीत आधीपासून काही भरून ठेवायचे असेल, तर ते तिला ओळीत बसवण्यापूर्वी भरावे. नंतर दर फेरीला भरत राहिलात तर कोणी लिहिलेले पुसले जाईल.

आता वेब फॉर्म्सची ही पद्धत मागे पडली आहे. २०१६ साली एएसपी डॉट नेट कोअर आले, त्यात ती घेतलेलीच नाही. तुम्ही पायथन शिकता, तुम्हाला ही सगळी नावे जुनी वाटतील. पण यादी मध्येच बदलली आणि कार्यक्रम ओळीच्या क्रमांकावर विसंबला, तर पायथनमध्येही नांदेडचा मुलगा भुसावळला उतरेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आरक्षणाच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहिलो. मनमाडपर्यंतचे मिळाले, पुढच्या गाडीत जागा नव्हती. मुलाच्या वडिलांना फोन लावला, चूक माझी आहे हे सांगितले. ते म्हणाले, "सर, मीच मनमाडला येतो. तो कोणत्या डब्यात आहे तेवढं सांगा." मी यादी उघडली आणि डबा, बर्थ, रोल नंबर दोनदा वाचून दाखवले.