समजून घ्या : छाती न उघडता बाळाच्या हृदयातलं छिद्र बंद करताना एक्स-रेचा डोस कसा कमी करतात?

बाळाच्या हृदयात छिद्र आहे, पण छाती उघडावी लागणार नाही, मांडीतल्या शिरेतून ‘छत्री’ बसवता येईल, असं डॉक्टर सांगतात आणि आई-वडिलांचा जीव भांड्यात पडतो. संमतीपत्रावर ‘रेडिएशन’ हा शब्द दिसला की मात्र पुन्हा धाकधूक सुरू होते. ही भीती कितपत खरी आहे?

एक्स-रे लागतोच कशाला?

दर हजार नवजात बाळांपैकी साधारण ८ ते १० जणांना जन्मजात हृदयदोष असतो. त्यातले एएसडी, पीडीए किंवा अरुंद झडप असे अनेक दोष कॅथेटर नावाच्या बारीक नळीने दुरुस्त करता येतात. नळी कुठवर पोहोचली हे कॅथ लॅबमधल्या स्क्रीनवर दिसतं ते फ्लुरोस्कोपीमुळे. फ्लुरोस्कोपी म्हणजे एक्स-रेचा लाइव्ह व्हिडिओ.

मुलांची काळजी जास्त का?

मुलांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात, त्यामुळे त्या किरणांना जास्त संवेदनशील असतात. पुढे अख्खं आयुष्य असल्याने परिणाम दिसायला वेळही भरपूर मिळतो. शरीर लहान असल्याने हृदयाच्या आजूबाजूचे अवयवही किरणांच्या टप्प्यात येतात. काही मुलांना ही प्रक्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते. एका प्रक्रियेतून कर्करोगाचा वाढीव धोका कमीच असतो, पण डोस साठत जातो. म्हणूनच ‘अलारा’ हे तत्त्व पाळतात : काम होईल इतकाच, शक्य तितका कमी डोस. मुलांसाठी याच विचाराने २००८ मध्ये अमेरिकेत ‘इमेज जेंटली’ ही मोहीम सुरू झाली.

डोस कमी कसा होतो?

१. पल्स कमी : किरण सलग न सोडता ठरावीक झटक्यांत सोडतात. सेकंदाला ३० ऐवजी १५ किंवा ७.५ पल्स ठेवले की डोस घटतो. तो नेमका त्याच प्रमाणात घटेल असं नाही, कारण चित्र स्पष्ट राहावं म्हणून यंत्र प्रत्येक पल्सची ताकद थोडी वाढवू शकतं.

२. रेकॉर्डिंग मोजकं : उच्च दर्जाच्या ‘सिने’ चित्रीकरणात प्रत्येक फ्रेमला फ्लुरोस्कोपीपेक्षा कितीतरी जास्त डोस लागतो. शक्य तिथे फ्लुरोस्कोपीचीच क्लिप सेव्ह करतात.

३. चौकट लहान : हवा तेवढाच भाग किरणांसमोर ठेवतात. गरज नसताना झूम टाळतात.

४. अंतर : डिटेक्टर मुलाच्या जवळ आणि एक्स-रे ट्यूब लांब ठेवतात.

५. जाळी काढणं : विखुरलेले किरण अडवणाऱ्या ग्रिडमुळे डोस वाढतो. साधारण २० किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांमध्ये ती अनेकदा काढता येते.

६. पेडलवरून पाय काढणं : स्क्रीनकडे बघायचं नसेल तेव्हा किरण बंद. शेवटचं चित्र स्क्रीनवर राहतंच.

याचा फायदा डॉक्टर, नर्स आणि तंत्रज्ञांनाही होतो. त्यांच्यापर्यंत येणारे किरण मुख्यतः रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले असतात. अंतर दुप्पट केलं की डोस साधारण चौथा हिस्सा होतो. म्हणून शिशाच्या ॲप्रनइतकंच एक पाऊल मागे उभं राहणंही महत्त्वाचं.

एक्स-रेशिवाय जमतं का?

काही वेळा जमतं. निवडक एएसडी आणि पीडीए फक्त इकोच्या मदतीने बंद केले गेले आहेत. मात्र छिद्राची जागा, आकार आणि टीमचा अनुभव यावर ते ठरतं.

पालकांनी काय विचारावं?

• प्रक्रियेचा काही भाग इकोवर होईल का?
• मुलांसाठीची वेगळी सेटिंग वापरणार का?
• डोसची नोंद डिस्चार्ज कार्डवर मिळेल का? (‘एअर कर्मा’ आणि ‘डीएपी’ हे आकडे यंत्रच दाखवतं.)

जुने इको, सीटी आणि अँजिओच्या सीडी जपून ठेवा, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. आणि रेडिएशनच्या भीतीने गरजेची प्रक्रिया पुढे ढकलू नका. उपचाराविना राहिलेलं मोठं छिद्र फुप्फुसांवरचा दाब वाढवतं, आणि तो फार वाढला तर नंतर छिद्र बंद करणंही शक्य राहत नाही.