पुढचे प्रकरण उद्या

वि. को. ओकांचे 'बालबोध' १८८१ चे, वा. गो. आपट्यांचा 'आनंद' १९०६ चा, 'किशोर' १९७१ चे. ही नावे दिवाळी अंकाच्या वाचकाला नवी नाहीत, म्हणून बालवाङ्मयाचा इतिहास पुन्हा सांगत नाही. माझा प्रश्न लहान आहे. मनामा, मुहर्रक, रिफा इथे वाढणाऱ्या आठ ते बारा वर्षांच्या मराठी मुलाच्या हाती प्रकरणाप्रकरणांचे पहिले मोठे पुस्तक कोणते द्यावे? या प्रश्नावर बहारीनमधल्या कितीतरी दिवाणखान्यांत मी हिरिरीने भांडलो आहे आणि माझे मत तसूभरही हललेले नाही. ज्या पुस्तकात 'पुढे काय झाले' याची ओढ आहे, ते आधी द्यावे. भाषा त्या ओढीमागून येते.

हे न पटणारे पुष्कळ. कुणी म्हणतात, मुलांना देवनागरी जड जाते, मराठी रोमन लिपीत छापा. अहो, इथल्या भारतीय शाळांत मुले हिंदी शिकतात, परीक्षेत पानेच्या पाने देवनागरी लिहितात! लिपी त्यांना येते. वाचावेसे वाटेल असे पुस्तक मिळत नाही. दुसरे म्हणतात, मोठी पुस्तके छाटून सोपी करा. छाटणारा आधी संवाद छाटतो, मग वर्णन, आणि उरतो नुसता सारांश. सारांशासाठी कोणते मूल जागे राहील?

तिसरा पक्ष संस्कारवाल्यांचा. त्यांच्याशी माझे भांडण सगळ्यांत जुने, कारण ते पहिले पुस्तक म्हणून 'श्यामची आई' पुढे करतात. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिलेले हे पुस्तक मला प्राणप्रिय आहे. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, एकूण बेचाळीस. रोज रात्री एक, असे मोठ्याने वाचायला याहून चांगली रचना मराठीत नाही. पण कोकणातले ते दारिद्र्य, ती सोवळीओवळी, ते कर्ज वातानुकूलित फ्लॅटमध्ये वाढलेल्या आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने कळणार नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी आईवडिलांनी शेजारी बसून ते वाचावे. आणि रात्रींचाच विषय निघाला तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६० च्या दशकात मराठीत आणलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' आठवाव्यात. सिंदबादची जहाजे बसऱ्याहून निघून याच आखातातून खुल्या समुद्रात जातात. इथल्या मुलाला ती गोष्ट घराजवळची वाटते. भाषा मात्र आज वाचणाऱ्याने सांगता सांगता सोपी करावी लागते.

आता माझ्या माणसाकडे येतो. भा. रा. भागवत (१९१०–२००१). 'बालमित्र' मासिक काढणारे, ज्यूल व्हर्नला 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा मराठी कपड्यांत आणणारे, आणि फुरसुंगीच्या बनेश फेणेचे जनक. पुण्याच्या विद्याभवन शाळेतला हा किडकिडीत, सायकलवेडा मुलगा 'ट्टॉक' असा आवाज काढतो आणि संकटात उडी घेतो. भागवत मुलाला कधी खाली वाकून शिकवत नाहीत. संवाद भरभर पळतात, वाक्ये आखूड असतात, प्रकरण ऐन धोक्यात तुटते आणि अनोळखी शब्दाशी थबकायला सवड मिळत नाही. पुढच्या दोन ओळींत त्याचा अर्थ आपोआप उलगडतो. परदेशातल्या मुलाला नेमके हेच हवे.

इथल्या मुलाच्या आयुष्याकडे पाहा. शाळेची बस, लिफ्ट, गाडी, मॉल. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की खेळायचेही चार भिंतींच्या आत. देशातला सर्वांत उंच डोंगर जबल अल-दुखान, तो दीडशे मीटरही नाही. अशा मुलाच्या हाती 'प्रतापगडावर फास्टर फेणे' पडले की ते मला घाट म्हणजे काय विचारते, बुरूज म्हणजे काय विचारते. माझ्या कपाटातले 'फास्टर फेणेची काश्मिरी करामत' इतक्या घरी फिरून आले की त्याची बांधणी सुटली, आणि तरी नवी प्रत मागवली तेव्हा मुलांनी जुनीच मागितली, कारण तिच्यावर आधीच्या वाचकांनी समासात खुणा केल्या होत्या. १९८७ साली दूरदर्शनवर सुमीत राघवनने हा फेणे साकारला. २०१७ च्या चित्रपटात तो तरुण झाला. मूळ शाळकरी फेणेची भेट मात्र पुस्तकातच होते.

बाकीचे भराभर सांगतो. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' फेणेच्या लगेच पाठोपाठ द्यावा. पोरक्या मुलाची इतकी प्रसन्न गोष्ट दुसरी नाही. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' शहरी मुलांना चटकन आपला वाटतो. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तके त्याआधी, वाचायला लागल्या लागल्या. शांता शेळक्यांची 'चौघीजणी' आणि वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' बाराव्या वर्षानंतर. जी. एं.ची 'बखर बिम्मची' कोणत्याही वयात, पण मोठ्याने.

मला सलते ते निराळेच. मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात इथे नाटुकली होतात, मुले पाठ केलेली वाक्ये झकास म्हणतात, आणि घरी जाऊन इंग्रजी मालिकांचे सातवे-आठवे पुस्तक उघडतात. त्या मालिकांवर माझा राग नाही. त्यांच्या लेखकांना प्रकरणाची ताकद कळली आहे. आमच्याकडे मात्र सोळा पानांची गुळगुळीत चित्रपुस्तके वाढली आणि दीडशे पानांची किशोर-कादंबरी लिहिणारे हात आटत चालले. प्रकाशक म्हणतात मागणी नाही, पालक म्हणतात पुस्तक नाही, आणि या दोघांच्या मध्ये दहा वर्षांचे मूल रिकाम्या हाताने उभे आहे.

तोवर पालकांनी दोन गोष्टी कराव्यात. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. त्यांतली एक गोष्ट निवडून रोज थोडी वाचावी. आणि जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून परतताना मेतकूट-लोणच्यांच्या जोडीने फेणेचे दोन भाग सामानात घालावेत. पहिले प्रकरण स्वतः वाचून दाखवावे, ऐन रंगात पुस्तक मिटावे आणि ते मुलाच्या उशाशी ठेवून झोपायला जावे.